१६ गोलांचे १५ गुण, १८ गोलांचे ३

माझ्या हॉकीच्या वहीत २६ फेब्रुवारी २०२५ या तारखेखाली तीन छोटी वाक्यं आहेत. ‘बचाव चांगला. गोल कमी. जूनमध्ये युरोपात गोलांचा दुष्काळ पडणार.’

त्याच्या आदल्या दिवशी भुवनेश्वरला प्रो लीग या आंतरराष्ट्रीय साखळी स्पर्धेतला भारताच्या पुरुष संघाचा आठवा सामना झाला होता. लीगमध्ये नऊ संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे एकूण सोळा सामने. बरोबर अर्धा हंगाम संपला होता. मी साताऱ्यात एका आडत दुकानाचे हिशेब लिहितो आणि तीस वर्षं झाली, भारताचा एकही मोठा सामना वहीत उतरवल्याशिवाय सोडलेला नाही. अर्ध्या वर्षाचा ताळेबंद काढायची सवय असल्यामुळे हॉकीचाही काढला, आणि त्यातून वरचं निदान लिहिलं.

ते निदान चुकलं. नुसतं चुकलं नाही, तर नेमकं उलटं निघालं. कुठे चुकलं ते शोधायला मला जून उजाडला आणि फलटणची माझी भाची लागली. एका संघाच्या गोलांकडे चाहत्यानं हंगामाच्या मध्यावर कसं बघावं, याचं हे एक प्रकरण मी सगळे आकडे मांडून लिहितो आहे. ज्यांना हॉकी आवडते त्यांनी आपापल्या वह्या, मोबाइलमधल्या नोंदी, जे काही असेल ते काढून ताडून बघावं.

आमच्याकडे हॉकी

साताऱ्याबाहेरच्या माणसाला वाटतं, हा कुस्तीचा जिल्हा. ते खरंच आहे. १९५२ साली हेलसिंकीत पदक जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. पण गेल्या काही वर्षांत फलटण तालुक्यानं भारताच्या महिला हॉकी संघाला मुली दिल्या आहेत. वैष्णवी फाळके आसूची, अक्षता ढेकळे वाखरीची, आणि ऋतुजा पिसाळही आपल्याच जिल्ह्यातली. ऊस, माळरान आणि पावसाची वाट बघणारी गावं, तिथून या पोरी निघून पुण्याच्या बालेवाडीपर्यंत आणि तिथून देशाच्या जर्सीपर्यंत गेल्या. त्यामुळे आमच्या घरात हॉकी म्हणजे दूरची गोष्ट नाही. माझी भाची शाळेच्या संघात बचाव फळीत खेळते. तिच्या गावात वैष्णवीचं नाव निघालं की पोरी ताठ बसतात.

त्याच २०२४-२५ च्या हंगामात महिला संघ १० गुणांवर राहून शेवटच्या, नवव्या क्रमांकावर गेला आणि लीगमधून खाली उतरला. ते प्रकरण वेगळं आहे आणि माझ्या मनाला फार लागलेलं आहे. त्याबद्दल घाईघाईत दोन ओळी लिहिणं मला पटत नाही, म्हणून इथं फक्त पुरुष संघाचं लिहितो.

भुवनेश्वर: आठ सामने

१५ ते २५ फेब्रुवारी. अकरा दिवसांत आठ सामने, चार संघांशी दोन-दोन, लागोपाठच्या दिवशी. निकाल असे:

स्पेनशी १-३ हार, दुसऱ्या दिवशी २-० विजय. जर्मनीशी १-४ हार, दुसऱ्या दिवशी १-० विजय. आयर्लंडशी ३-१ आणि ४-० असे दोन्ही विजय. इंग्लंडशी २-३ हार, मग २-१ विजय.

पाच विजय, तीन पराभव, १५ गुण. केलेले गोल १६, खाल्लेले १२. गुणतक्त्यात भारत तिसरा.

तिसरं स्थान बघून गावातली माणसं खूश होती. मी नव्हतो. १६ भागिले ८, सामन्याला दोन गोल, हे वरवर बरं दिसतं. पण त्यातले सात गोल एकट्या आयर्लंडवर झाले होते. आयर्लंड हा त्या लीगमधला सगळ्यात कच्चा संघ, आणि हंगामाच्या शेवटी तोच खाली उतरला. आयर्लंड बाजूला काढला की उरतात सहा सामन्यांत नऊ गोल. सामन्याला दीड. जूनमध्ये समोर येणार होते नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियम. नेदरलँड्स पॅरिस ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, बेल्जियम टोकियोचा. या चौघांसमोर दीड गोलाची सरासरी म्हणजे एक गोलावर येणार, असं माझं गणित.

दुसरी काळजी पेनल्टी कॉर्नरची, म्हणजे समोरच्याची गोलजवळ चूक झाली की मिळणाऱ्या खास संधीची होती. पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतानं आठ सामन्यांत १५ गोल केले, त्यातले १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे, आपल्या कर्णधाराचे आणि कॉर्नर मारणाऱ्याचे. कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनला २-१ हरवलं तेव्हा दोन्ही गोल त्याचेच होते. भुवनेश्वरमध्ये मात्र कॉर्नर मिळत होते आणि हातातून जात होते. हरमनप्रीतचे दोन गोल आले ते अगदी शेवटच्या, इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात. ज्या संघाचं निम्म्याहून जास्त पीक एकाच विहिरीवर येतं, त्या विहिरीचं पाणी खाली गेलं तर काळजी वाटणारच. म्हणून ‘दुष्काळ’ हा शब्द लिहिला. आमच्या भागात तो शब्द कुणी सहज लिहीत नाही.

आणि बचाव चांगला असं का लिहिलं? जर्मनीविरुद्धच्या १-० मुळे. गुरजंत सिंगनं चौथ्या मिनिटाला गोल केला आणि पुढची ५६ मिनिटं भारतानं तो एक गोल जपला. पॅरिसच्या रौप्यविजेत्यांसमोर. आधी बचाव भक्कम करायचा आणि त्या पायावर सामना जिंकायचा, हे प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांचं सूत्र सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी ते सूत्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. गोलरक्षक श्रीजेश पॅरिसनंतर निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागेची धाकधूक माझ्या मनात होती, पण आठपैकी तीन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही म्हटल्यावर मी त्या बाजूनं निर्धास्त झालो. कृष्ण पाठक आहे, आपला मुंबईचा सूरज करकेरा आहे, मागची बाजू लागली मार्गाला.

जून

शाळा उघडायच्या आधी भाची आठ-दहा दिवस साताऱ्यात राहायला येते. ७ जूनला ती आमच्याकडेच होती. बाहेर अजिंक्यताऱ्यावर ढग उतरलेले, तिच्या फलटणला मात्र ऊन. आम्ही नेदरलँड्सचा सामना लावला.

हरमनप्रीतनं गोल केला, भारत पुढे गेला. थायस व्हॅन डॅमनं बरोबरी केली. मग बराच वेळ १-१. मला वाटलं, बरोबरीचा एक गुण तर आला, शूटआउटमध्ये आणखी एक मिळेल. ५८ व्या मिनिटाला त्याच व्हॅन डॅमनं दुसरा गोल मारला. १-२.

मी वहीत लिहिलं, ‘म्हटलं होतं. एकच गोल.’

भाचीनं ते वाचलं आणि काही बोलली नाही.

पुढचे निकाल एका दमात सांगतो, कारण ते तसेच अंगावर आले. ९ जूनला नेदरलँड्सशी २-३. ११ ला अर्जेंटिनाशी ३-४. १२ ला अर्जेंटिनाशीच १-२. १४ ला ऑस्ट्रेलियाशी २-३, १५ ला पुन्हा ऑस्ट्रेलियाशी २-३. २१ ला बेल्जियमशी ३-६. सात सामने, सात पराभव. २२ जूनला बेल्जियमला ४-३ हरवलं, शेवटच्या मिनिटांत हरमनप्रीतच्या पेनल्टी स्ट्रोकवर. त्या रात्री माझ्या दाजींचा फलटणहून फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत ते म्हणाले, “सुटलो एकदाचे!” आणि दोघंही काही वेळ नुसते हसत राहिलो.

भारत १८ गुणांवर आठवा आला. खाली फक्त आयर्लंड.

मधले पंधरा दिवस माझी समजूत पक्की होत चालली होती. हार झाली की मी गोलांचा रकाना बघायचो आणि मान हलवायचो. हरमनप्रीतच्या बोटाला दुखापत झाली, तो काही सामन्यांना बाहेर बसला, हार्दिक सिंगनं नेतृत्व केलं. तेव्हा तर मला वाटलं, आता संपलंच. गावातल्या कुणालाही विचारा, जूनमध्ये काय झालं? ‘गोल होत नव्हते’ हेच उत्तर मिळेल. मीही तेच सांगत होतो.

बेरीज

२३ जूनला दुकानात पावसामुळे गिऱ्हाईक नव्हतं. मी वही उघडून दुसऱ्या अर्ध्या हंगामाची बेरीज मांडली. एक, दोन, तीन, एक, दोन, दोन, तीन, चार.

अठरा.

मला वाटलं चुकलो. पुन्हा केली. अठराच. भुवनेश्वरमध्ये १६, युरोपात १८. आणि तेही आयर्लंडसारखा एकही कच्चा संघ समोर नसताना. ज्या महिन्यासाठी मी दुष्काळ लिहिला, त्या महिन्यात सरासरी दोनवरून सव्वादोनवर गेली होती. आयर्लंड वगळून बघितलं तर दीडवरून सव्वादोनवर.

गोल एकाच माणसाच्या जिवावरही नव्हते. हरमनप्रीतचे चार, अभिषेकचे चार, उरलेले दहा जुगराज, दिलप्रीत, अमित रोहिदास, सुखजीत, संजय आणि मनदीप यांच्यात वाटलेले. पॅरिसमध्ये पंधरातले दहा एकाचे, इथे अठरातले चार. ज्याला मी विहीर आटली म्हणत होतो, तिथे खरं तर शिवारभर पाणी लागलं होतं. हे मला दिसायला हवं होतं, कारण प्रत्येक नाव मीच माझ्या हातानं लिहिलं होतं.

मग १६ गोलांचे १५ गुण आणि १८ गोलांचे ३ गुण, हे कसं? दुकानाच्या हिशेबात असा प्रकार आला असता तर मी दोन मिनिटांत ओळखला असता. विक्री वाढली आणि गल्ल्यात पैसा कमी, म्हणजे खर्चाचं पान बघायचं. खाल्लेले गोल: भुवनेश्वरमध्ये १२, युरोपात २६. दुपटीहून जास्त. भुवनेश्वरमध्ये तीन सामन्यांत शून्य गोल खाल्ले, युरोपात एकाही सामन्यात नाही.

इथपर्यंत मी स्वतः पोचलो. संध्याकाळी भाचीला फोन करून सांगितलं, “अगं, गोलाचा प्रश्नच नव्हता. बचाव कोसळला. फेब्रुवारीत एवढा चांगला होता, जूनमध्ये काय झालं कळत नाही.”

ती म्हणाली, “मामा, फेब्रुवारीत तरी चांगला होता का?”

आयर्लंड एकाच बाजूनं काढला

तिनं माझ्या पानाचा फोटो मागवला. रात्री नऊच्या सुमारास तिचा फोन आला.

“तुम्ही आयर्लंड काढलाय, पण फक्त केलेल्या गोलातनं. खाल्लेल्यातनं काढलाच नाही.”

मी वही ओढली. आयर्लंडनं दोन सामन्यांत आपल्यावर एकच गोल केला होता. तो वजा केला की उरले सहा सामन्यांत ११. म्हणजे स्पेन, जर्मनी आणि इंग्लंड या तिघांसमोर आपण केले ९ आणि खाल्ले ११. सामन्याला जवळजवळ दोन गोल खाणाऱ्या संघाला मी ‘बचाव चांगला’ असं लिहिलं होतं. ज्या संशयानं मी गोलांची सरासरी तपासली, तोच संशय बचावाला लावलाच नाही. जर्मनीविरुद्धच्या त्या ५६ मिनिटांनी माझे डोळे दिपले होते, आणि त्याच्या आदल्या दिवशी त्याच जर्मनीनं चार गोल मारलेत हे मी जणू विसरलो होतो.

चाहत्याच्या हिशेबातली ही चूक मला सगळ्यात मोठी वाटते. आपल्याला ज्या गोष्टीची काळजी असते, तिचे आकडे आपण चाळून घेतो. ज्या गोष्टीचा अभिमान वाटतो, तिचे तसेच पोत्यात भरतो.

पण भाचीचं बोलणं तिथे थांबलं नव्हतं.

“आता एक करा. प्रत्येक संघाचा पहिला सामना एका बाजूला लिहा, दुसरा दुसऱ्या बाजूला.”

“कशासाठी?”

“लिहा तरी. आमच्याकडे सर हेच विचारतात. काल ज्यांच्याकडून गोल खाल्ला, आज त्यांच्याकडून तोच खाल्ला का?”

मी लिहिलं. भुवनेश्वरचे पहिले सामने: १-३, १-४, ३-१, २-३. केले ७, खाल्ले ११. भुवनेश्वरचे दुसरे सामने: २-०, १-०, ४-०, २-१. केले ९, खाल्ले १.

एक. आठ सामन्यांत खाल्लेल्या बारा गोलांपैकी अकरा पहिल्या सामन्यांतले, आणि दुसऱ्या चार सामन्यांत मिळून फक्त एक. चारही दुसरे सामने जिंकलेले. पंधरातले बारा गुण तिथून आलेले.

मग युरोप. पहिले सामने: १-२, ३-४, २-३, ३-६. केले ९, खाल्ले १५. दुसरे सामने: २-३, १-२, २-३, ४-३. केले ९, खाल्ले ११.

दुसऱ्या सामन्यांत केलेले गोल दोन्हीकडे अगदी सारखे, नऊ आणि नऊ. खाल्लेले एक आणि अकरा. गुण बारा आणि तीन.

हंगामाचे सगळे गोल माझ्या वहीत होते, तारखेनुसार, क्रमानं. पण जोड्या लावून कधी बघितल्या नव्हत्या. ते पान बघताना मला जे वाटलं ते दुःख आणि आनंद या दोन्हींच्या मधलं होतं. दुःख संघाचं. आनंद या गोष्टीचा, की शाळेतल्या पोरीनं असा प्रश्न विचारला जो मला तीस वर्षांत सुचला नाही.

बचाव फळीतून दिसणारी हॉकी

ती पेनल्टी कॉर्नरला पहिली धावते. गोलरक्षक धरून पाच जण गोलरेषेच्या मागे उभे राहतात, चेंडू आत ढकलला की पहिली धावणारी थेट फ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर जाते. तोंडावर मास्क, गुडघ्याला पॅड. चेंडू कुठल्या कोपऱ्यात जाणार याचा अंदाज घेऊन पळायचं, आणि अंदाज चुकला तर चेंडू अंगावर घ्यायचा. मुरमाच्या मैदानावर शिकलेली पोर आहे, तिथे चेंडू कधी उसळेल सांगता येत नाही. तिच्या नडगीवरच्या खुणा बघून माझी बहीण अजूनही डोळे पुसते.

तिचं म्हणणं असं. पहिल्या सामन्यात समोरचा संघ कुठून येतो हे कळत नसतं. कॉर्नरला त्यांच्या कोणत्या खेळी आहेत, चेंडू हिसकावला की ते उजवीकडून पळतात की डावीकडून, कोणता खेळाडू डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावर एकटा राहतो. त्या रात्री संघ बसतो, चित्रफीत बघतो, दुसऱ्या दिवशी ती दारं बंद करतो. भुवनेश्वरमध्ये भारतानं हे काम अप्रतिम केलं. स्पेनचे तीन गोल शून्यावर आणले, जर्मनीचे चार शून्यावर, इंग्लंडचे तीन एकावर.

“मग युरोपात का नाही जमलं?” मी विचारलं.

“ते पण चित्रफीत बघतात की, मामा.”

याहून सरळ उत्तर मला कुणी दिलेलं नाही. नेदरलँड्सनं पहिल्या दिवशी दोन केले आणि दुसऱ्या सामन्यात तीन. ऑस्ट्रेलियानं तीन आणि तीन. म्हणजे आपण एक दार लावलं की ते दुसरं उघडत होते. शिवाय फेब्रुवारीत आपण घरी होतो, समोरचे संघ प्रवास करून ओडिशाच्या हवेत आले होते. जूनमध्ये उलट झालं. नेदरलँड्समधल्या आम्सटेलवेनला आणि बेल्जियममधल्या अँटवर्पला घर त्यांचं. अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया आपल्यासारखेच पाहुणे होते, तरी आपण त्यांच्याकडूनही चारही सामने हरलो, त्यामुळे घर-बाहेर या एका कारणावर सगळा भार टाकता येत नाही.

दुसरं एक कारण मला माझ्या नोंदींतून दिसतं. दोन्ही संघांचे मिळून गोल मोजले तर भुवनेश्वरमध्ये आठ सामन्यांत २८, युरोपात ४४. सामन्याला साडेतीनवरून साडेपाच. खेळ मोकळा झाला होता. आपले जास्तीचे गोल आणि त्यांचे जास्तीचे गोल एकाच बांधावरून येत होते. वर जाऊन दाब टाकायचा, त्यांच्याच भागात चेंडू हिसकावायचा, हे जमलं की गोल होतो. नाही जमलं की पाच-सहा खेळाडू चेंडूच्या पुढे अडकलेले असतात आणि मागे मैदान उघडं. १४ जूनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध अभिषेकनं दोन सुंदर गोल केले, भारत २-० पुढे होता, आणि तो सामना आपण २-३ हरलो. त्या सामन्याला ‘गोल होत नव्हते’ म्हणणं हा अभिषेकवर अन्याय आहे. तो अन्याय मी केला.

एका गोलाचे सहा पराभव

सातपैकी सहा पराभव एकेका गोलाचे होते. फक्त बेल्जियमचा ३-६ मोठा. त्या सहा सामन्यांत प्रत्येकी एक गोल कमी खाल्ला असता तर सहाही बरोबरीत सुटले असते. लीगच्या नियमानं बरोबरीचा एक गुण, शूटआउट जिंकलं तर आणखी एक. म्हणजे किमान सहा आणि जास्तीत जास्त बारा गुण. १८ चे २४ ते ३० झाले असते.

इथं नशीब किती, हा प्रश्न दाजींनी विचारला आणि तो रास्त आहे. लागोपाठ सहा वेळा एका गोलानं हरणं, यात दैवाचा भाग असतोच. पंचांचा एखादा निर्णय, गोलच्या खांबाला लागून परतलेला चेंडू, हिरवं कार्ड मिळून दोन मिनिटं दहा जणांनी काढणं. आठ सामने म्हणजे आकड्यांच्या दृष्टीनं मूठभर दाणे, त्यावरून शेत कसं पिकेल ते ठामपणे सांगू नये. मला ते मान्य आहे. पण पहिल्या आणि दुसऱ्या सामन्यांमधला भुवनेश्वरचा तो फरक, अकरा आणि एक, नशिबानं एवढा मोठा पडेल हे माझ्या मनाला पटत नाही. तिथे कुणीतरी रात्री जागून काम केलेलं दिसतं. आणि जूनमध्ये तेच काम अपुरं पडलेलं दिसतं.

राजगीरला पडताळा

एखादं निदान खरं की खोटं हे पुढच्या हंगामात कळतं. पुढची संधी लवकर आली. २९ ऑगस्टला, मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिवशी, बिहारमध्ये राजगीरला आशिया चषक सुरू झाला. जिंकणाऱ्याला २०२६ च्या विश्वचषकात थेट प्रवेश.

भारतानं सात सामन्यांत ३९ गोल केले. चीनवर ४-३, जपानवर ३-२, कझाकस्तानवर १५-०, मग कोरियाशी २-२, मलेशियावर ४-१, चीनवर ७-० आणि अंतिम सामन्यात कोरियावर ४-१. यावेळी मी आधी कझाकस्तान दोन्ही बाजूंनी काढला. सहा सामने, २४ केले, ९ खाल्ले. युरोपातल्या त्या चार संघांच्या तोडीचं तिथे कुणी नव्हतं, हे लक्षात ठेवूनच बघायला हवं.

मग जोड्या लावल्या. या स्पर्धेत दोनच संघ दुसऱ्यांदा समोर आले. चीन: पहिल्यांदा ४-३, दुसऱ्यांदा ७-०. कोरिया: पहिल्यांदा २-२, दुसऱ्यांदा ४-१. पहिल्या भेटीत खाल्लेले गोल पाच, दुसऱ्या भेटीत एक.

भुवनेश्वरमधलं ते काम परत आलं होतं. ७ सप्टेंबरला अंतिम सामना संपला तेव्हा राजवाड्यावरून येताना मी कंदी पेढे घेतले आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं फलटणला गेलो. वही सोबत नेली, कारण आता तिच्यात दोन नवे रकाने आहेत. एक, ‘हा संघ कितव्यांदा समोर’. दुसरा, ‘आपला गोल झाल्यावर पाच मिनिटांत खाल्लेला गोल’. हा दुसरा रकाना भाचीच्या सांगण्यावरून आखला. गोल झाला की सगळ्यांचे पाय जमिनीवर नसतात, आणि बचाव करणाऱ्याला तेव्हाच सगळ्यात जास्त भीती वाटते, असं ती म्हणते.

तिनं अंतिम सामन्याचं पान उघडलं. सुखजीतचा पहिल्याच मिनिटाचा गोल, दिलप्रीतचे २८ आणि ४५ व्या मिनिटाचे, अमित रोहिदासचा ५० व्या मिनिटाचा. चार-शून्य. तिनं पेढा तोंडात टाकला आणि बोट खाली सरकवत शेवटच्या रकान्यावर आणलं. तो मी मोकळा सोडला होता.

“कोरियाचा गोल कितव्या मिनिटाला?”

“एक्कावन्न.”

तिनं माझ्या खिशातलं पेन काढलं आणि त्या रकान्यात स्वतःच लिहिलं: १.